एकशे आठ रोल

हरीओमनं फ्रीजमधली मेथी बाहेर काढून ओट्यावर टाकली, तेव्हाच ज्योत्स्नाला कळायला हवं होतं की या घरात आता माणसांपेक्षा फिल्मला जास्त मान मिळणार आहे. फिल्म गारव्यात टिकते म्हणून भाजीच्या कप्प्यात कॅमेऱ्याचे रोल बसले, वरच्या कप्प्यात रोल बसले, अंड्यांच्या जागीही रोल बसले. दारावर कागद चिकटला, ‘हात लावू नये’. दुधाचं पातेलं तेवढं, उपकार केल्यासारखं, आत राहू दिलं.

हरीओमचं वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावात कृषी केंद्र होतं. बियाणं, खत, फवारणीची औषधं. चाळिशी उलटली आणि त्याला फोटोग्राफीनं धरलं. तेही साधंसुधं नाही, जुन्या पद्धतीचं, फिल्मवरचं. मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांची त्याला आताशा कीव येई. युरिया घ्यायला आलेल्या माणसाला पिशवीसोबत ‘खरा फोटो फिल्मवरच येते भाऊ’ हेही घेऊन जावं लागे. आता तो किर्गिझस्तानला निघाला होता, पंचेचाळीस दिवस. तिथल्या डोंगरांत मेंढ्या राखणाऱ्या म्हाताऱ्या बायांचे चेहरे तो टिपणार होता. परत आल्यावर वाशिमला प्रदर्शन भरवायचं, त्याचं नावही ठरलं होतं. ‘सुरकुत्या’.

फिल्मचं नियोजन त्यानं दोन महिने केलं. बियाण्याचा धंदा रक्तात, त्यामुळे हिशेबही पेरणीसारखाच. एकरी अमुक किलो, तसे दिवसाला दोन रोल. पंचेचाळीस दिवसांचे नव्वद. वर दुबार पेरणीसाठी राखीव अठरा. बेरीज आली एकशे आठ, आणि हरीओम कागदाकडे बघतच राहिला. जपमाळेचे मणी एकशे आठ! आपण मांडलं नाही, वरूनच मांडून आलं, अशी त्याची खात्री पटली. त्या दिवसापासून तो आकडा देव्हाऱ्यात बसला.

“अन् कॅमेरा तपासला का?” ज्योत्स्नानं विचारलं. “या प्रवासासाठी जुना, वापरलेलाच घेतला ना तुमी. एक रोल काढून, धुऊन पाह्यला असता.”

तिचं विचारणं वावगं नव्हतं. दुकानात येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला हरीओम बजावून सांगे की घरचं सोयाबीन पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या बारदानात गुंडाळा, सत्तर उगवले तरच वावरात टाका. आणि ते दाणे मोजायला, बारदान ओलं ठेवायला, आठव्या दिवशी कोंब मोजायला बसे कोण? ज्योत्स्ना. तालुक्यातल्या निम्म्या बियाण्याची उगवण तिच्या बोटांखालून गेली होती.

“एक रोल तपासाले घातला तं एकशे सात राह्यतीन,” हरीओम म्हणाला. “अन् कॅमेरा जपानी हाये. सोयाबीन नोहे.”

एवढ्यावर विषय संपला असता, पण हरीओमची माय गोजराबाई मधेच बोलली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, स्वतःसाठी काही मागायची तिला सवय नव्हती. “बापू, जायच्या आधी माह्या एक फोटो काढजो. आधारकारडावर मी चोरासारखी दिसतो. मी गेल्यावर थोच मोठा करून लावसान तुमी.”

“ज्योत्स्ना काढते ना मोबाइलवर.”

“तिनं काढले लय. मले तुह्या हातचा पाह्यजे. तुह्या त्या मोठ्या कॅमेऱ्यातला.”

“माय, एकेक फोटो मोजून हाये माह्या. आल्यावर काढू. तू काय कुठं पळून चालली?”

गोजराबाई हसली आणि आत गेली. ज्योत्स्नाच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. परक्या मुलखातल्या म्हाताऱ्या बघायला हा माणूस विमानानं जाणार, आणि घरच्या सुरकुत्या याला मोजणीत बसत नाहीत!

रविवारी हरीओम लोकरीचे कपडे आणायला अकोल्याला गेला. तो गल्लीबाहेर पडताच ज्योत्स्नानं ‘हात लावू नये’ला हात लावला. कॅमेऱ्यात रोल कसा भरायचा हे तिला पाठ होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हरीओम ते करून दाखवी, आणि ती चहाचा ट्रे धरून उभी असे. गोजराबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं, केसांना तेल लावलं, आणि अंगणातल्या बाजेवर ताठ बसली. छत्तीस फोटो निघाले. पहिल्या दहात म्हातारी देवळातल्या मूर्तीसारखी होती, शेवटच्या दहात ती खुदुखुदु हसत होती.

“त्याले सांगू, त्यानंच काढले मनून,” ती म्हणाली. “कॅमेरा तं त्याचाच हाये.”

रोलची रिकामी डबी ज्योत्स्नानं पुन्हा फ्रीजमध्ये ठेवली आणि रोल कुरिअरनं पुण्याच्या लॅबला पाठवला. शनिवारी हरीओमनं डब्या मोजल्या, एकशे आठ भरल्या. चौकात दुकानदार मंडळींनी हार घातले, फ्लेक्स लागला, आणि विमानतळावरच्या एक्स-रे मशीनमधून जाऊन फिल्म खराब होऊ नये म्हणून तीन भाषांत लिहिलेलं विनंतीपत्र छातीशी धरून तो रवाना झाला.

तो गेल्याच्या नवव्या दिवशी दुपारी लॅबमधून फोन आला. “मॅडम, रोल पूर्ण कोरा आहे. फिल्म चांगली आहे, कॅमेऱ्यातच गडबड वाटते. बटण दाबल्यावर आवाज येत असेल, पण आतला पडदा उघडत नसणार. रोल न भरता मागचं झाकण उघडा, उजेडाकडे धरून बटण दाबा. पलीकडचं दिसलं नाही तर काहीच येणार नाही.”

म्हातारीचे छत्तीस फोटो गेले, याचं ज्योत्स्नाला रडू आलं. मग ध्यानात आलं की तिकडे नवरा रोज दोन रोल अंधारात घालतो आहे. खरं सांगायचं तर तिला क्षणभर हसूही आलं. पण नवराच तो. संध्याकाळी फोन करून सांगायचं असं तिनं ठरवलं.

संध्याकाळी फोन त्याचाच आला, आणि तोही तापलेला. “एक डबी खाली निघाली! ललिताबाईनं नेला असन रोल. तिले कामावून काढ.”

ललिताबाई बिचारी त्या वेळी अंगणात भांडी घासत होती. दहा वर्षांत तिनं या घरातली टाचणी हलवली नव्हती.

“मी घेतला,” ज्योत्स्ना म्हणाली. “आईचे फोटो काढले. अन् आइका, तुमचा कॅमेरा...”

“आईचे? छत्तीस? अवं, मी इथं एकेक फोटो जपून काढून राह्यलो, अन् तू तिथं घरच्या माणसावर अख्खा रोल उधळून राह्यली?”

“आइका तं खरं! पडदा...”

“तू मले कॅमेरा शिकवतं का आता?” फोन कट झाला. तिनं लावला, त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. शेवटी लॅबवाल्यानं सांगितलेलं सगळं तिनं नीट, मुद्द्यानं लिहून पाठवलं. दोन निळ्या रेघा उमटल्या, म्हणजे वाचलं. मग उत्तर आलं, ‘माणूस प्रवासात असताना असं अपशकुनी लिहू नये.’

ज्योत्स्नानं कपाळावर हात मारला. झाकण उघडून बटण दाबायला एक मिनिट लागलं असतं. पण ते मिनिट दिलं, तर बायकोचं ऐकलं असं झालं असतं.

पंचेचाळीस दिवसांनी हरीओम परत आला. गालावर उन्हानं रापलेला रंग, डोक्यावर तिकडची उंच टोपी, आणि तोंडात एकेका म्हातारीची गोष्ट. अशी बसली होती, असा उजेड पडला होता, असं तिनं पाहिलं. एकशे सात रोल पुण्याला गेले. वाशिमच्या हॉलची तारीख ठरली, निमंत्रणपत्रिका छापून आल्या. मग लॅबचा फोन आला. एकशे सातच्या एकशे सात कोरे होते.

दोन दिवस तो जेवला नाही. ज्योत्स्नाला त्याची कीव आली, आणि ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य तिनं मोठ्या कष्टानं गिळलं. तिसऱ्या दिवशी तो पडवीत येऊन बसला. चेहरा जरा फुललेला होता. विचार करून करून त्याला कारण सापडलं होतं.

“एकशे आठ मोडले ना,” तो म्हणाला. “तिथंच घोळ झाला. आकडा पुरा राह्यला असता तं असं घडलंच नसतं.”

तूर पाखडता पाखडता ज्योत्स्नाच्या हातातलं सूप थांबलं. गोजराबाईनं मान वर केली. “म्हंजे बापू, माह्या फोटोपायी तुह्ये सारे फोटो गेले म्हन ना.”

आता तरी तो जीभ चावेल, असं ज्योत्स्नाला वाटलं. हरीओमनं थोडा विचार केला आणि मान डोलावली. “तसंच झालं मनाव लागन, माय. तुह्या दोष नाही मनत मी. पन झालं तसंच.”

गोजराबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, आत जाऊन हिरवं लुगडं नेसून आली आणि पायात चपला सरकवल्या.

“चाल वं ज्योत्स्ने. बसस्टँडजवळ धनराजचा स्टुडिओ हाये ना, थितं जाऊ. फोटो काढून घेऊ माह्या.”

हरीओम गडबडला. या वेळी मात्र त्याला काहीतरी खुपलं असावं. खिशातून घाईघाईनं मोबाइल काढत तो उठला. “माय, थांब ना. बस तिथं उजेडात. मी काढून देतो. आत्ता काढतो.”

“ऱ्हाऊ दे बापू,” गोजराबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “तवा मले तुह्या हातचा पाह्यजे होता. आता मले फोटो पाह्यजे.”

आणि सुनेचा हात धरून ती पायरी उतरली.