हत्तीचा कान

जवळ सरका मायबापहो, टाळ घटकाभर मांडीवर ठेवा. आज गोरेगावच्या विश्वंभर मिस्त्रींची गोष्ट सांगतो.

मिस्त्री लाकडी हत्ती न्याहाळत बसले होते. चार वर्षांमागे त्यांनीच पायमशीनच्या बारीक करवतीवर कापलेलं हे जोडचित्र, अकरा तुकड्यांचं. आता दहाच होते, कान गायब. कनेरगाव नाक्याहून जीपने आलेल्या जनकाबाई समोर बसल्या होत्या. नातवाचं खेळणं, कान हरवला, तेवढा करून द्या, एवढंच त्यांनी सांगितलं.

मिस्त्रींच्या अंगात हुरूप आला. लाकूड निवडावं तर त्यांनीच. फळी बोटानं वाजवून बघायची, रेषा उन्हाकडे धरायची, गाठ दिसली की बाजूला. शिवाय प्रत्येक फळीचा वीतभर तुकडा खेळण्याचं नाव लिहून फडताळात ठेवायचे. लेकरं काहीतरी हरवणारच. रंग लावायचा नाही, लेकरं तोंडात घालतात. त्याऐवजी जवसाच्या तेलाचे चार हात. दर हाताला जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवायचं.

हत्तीच्या सागाचा तुकडा सापडला, पण तो होता गोरा, अन् जुना हत्ती तेल पिऊन, लेकराचे हात लागून मधासारखा झालेला. मिस्त्री हसले. "आठ दिसांनी या. तुमाला सुदिक वळखू येणार न्हाई."

शब्द खरा केला. कान उन्हात तापवला, तेल पाजलं, पुन्हा उन्हात धरला. आठव्या दिवशी जनकाबाईंनी तो बसवला. सांध्यात केससुद्धा गेला नसता. मिस्त्री शाबासकीची वाट बघत राहिले.

जनकाबाईंनी कानावरून हात फिरवला. मग नखानं उचकून तो हळूच बाहेर काढला.

"खोटं बोलले मी, मिस्त्री. हरवला न्हाई तो. माझ्या लेकीला, ज्योतीला पुण्याला नर्सची नोकरी लागली, लेकराला संगं घेऊन गेली. निघताना तिचा आयुष कान मुठीत धरून बसला, तसाच घेऊन गेला. म्हणे, आजी, हत्ती मीच पुरा करीन, दुसऱ्या कुणी करायचा न्हाई." त्यांनी कानाच्या जागी बोट ठेवलं. "रिकामी जागा बघवंना, म्हणून आले. पण तुमचा हा इतका बराबर बसला, की त्याच्या कानाला जागाच राह्यली न्हाई."

दारातून गंगूताई, मिस्त्रींची बायको, नवऱ्याला म्हणाली, "एवढं हुशार व्हायला तुमाला कोणी सांगितलं होतं?"

चाळीस वर्षं मिस्त्रींचं ह्याच सफाईसाठी नाव होतं. त्यांनी हळदूच्या लाकडाची पिवळीधमक फळी काढली अन् कान पुन्हा कापला, या वेळी सूतभर लहान, सैल बसेल असा. सवयीनं हात तेलाच्या डब्याकडे गेला, तो त्यांनी मागं घेतला.

"ह्याला तेल न्हाई लावत," ते म्हणाले. "हा पाहुणा हाय. लेकरू आलं की बोटानं ढकला, निघून जाईल."

जनकाबाई हसल्या, डोळे मात्र पदरानं पुसावे लागले.

परतीच्या जीपमध्ये त्या मागच्या बाकावर हत्ती मांडीवर घेऊन बसल्या. दर खड्ड्याला तो पिवळा कान खुळखुळायचा. त्या त्यावर अंगठा ठेवायच्या, दाबून मात्र बसवायच्या नाहीत.

एवढंच मागणं, मायबापहो. उद्या देवापुढं हात जोडाल, तेव्हा पुण्यातल्या त्या आयुषची याद ठेवा, आपला कान घेऊन तो आजीकडं लवकर यावा.