निरोपाला वन्स मोअर

"एकच प्रयोग. नाटकाचं वाटोळं केलेलं दिसलं तर दुसरा नाही, सांगून ठेवते!" आत्याबाईंनी भाचीला ठणकावलं होतं. नाटक त्यांच्या दिवंगत नवऱ्यानं लिहिलेलं, हक्क त्यांच्याकडे, आणि नायिका तर त्यांनीच हयातभर गाजवलेली. भाचीनं चांगल्या नोकरीवर पाणी सोडून तेच नाटक नव्यानं बसवलं होतं. आत्यानं परवानगी काढून घेतली असती, तर पोरगी ना घरची ना दारची झाली असती.

पहिल्या रांगेत बसायला बाई काही केल्या तयार होईनात. विंगेतच खुर्ची टाकून घेतली आणि पडदा उघडल्यापासून नाक मुरडायला सुरुवात केली. रंगवलेला महाल नाही, भरजरी पोशाख नाही! रंगमंचावर नुसतं एक दार. नायिका तर बँकेत कामाला निघाल्यासारखी.

"अगंबाई, कपडेपट काय उंदरांनी खाल्ला?" त्या पुटपुटल्या. भाची शेजारीच उभी होती.

पण शब्द सगळे ह्यांचेच होते, कानामात्रेचाही फरक नाही. त्यामुळे बाईंना धड रागावताही येईना.

मग निरोपाचं पद आलं. नायिकेच्या भावावर तिच्याच नवऱ्यानं चोरीचा खोटा आळ घेतलेला असतो. ते कळताच ती घर सोडते, तेव्हाचं हे पद. आत्याबाई ते गायच्या तेव्हा लोक थिएटर डोक्यावर घ्यायचे. 'वन्स मोअर' आला की त्या लगबगीनं दारातून परत यायच्या, प्रेक्षकांना नमस्कार करायच्या आणि त्याच नवऱ्याशेजारी उभ्या राहून पुन्हा गायच्या. कधी कधी तीन-तीनदा.

ही नवी मुलगी साथीशिवाय गायली. तान नाही की हरकत नाही, घरात कुणी झोपलेलं असावं इतकं हळू. शेवटचा सूर लावून ती दाराबाहेर पडली आणि विंगेत येऊन उभी राहिली.

"वन्स मोअर! वन्स मोअर!" टाळ्या थांबेनात. मुलगी गोंधळली आणि दाराकडे वळली. भाची काही बोलायच्या आत आत्याबाईंनी उठून त्या मुलीचं मनगट घट्ट धरलं.

"खबरदार परत गेलीस तर!"

टाळ्या हळूहळू विरल्या. रंगमंचावर नवरा एकटाच, उघड्या दाराकडे बघत. आत्ता येईल, मग येईल म्हणत अख्खं थिएटर त्याच्याबरोबर बघत राहिलं. ती आली नाही. कुणी खोकलंसुद्धा नाही. आत्याबाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. नाटक तोंडपाठ होतं, पण ते घर एवढं रिकामं होतं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्या आ वासून बघत राहिल्या.

"आत्या, पुढचे प्रयोग...?" भाचीनं घाबरत विचारलं.

"कर. हवे तितके कर," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "जन्मभर ह्या दारातून मी जात होते. नायिका मात्र आज पहिल्यांदा गेली गं."