चौकातलं अभिनंदन

रविराजदादाचं नाव पोलीस भरतीच्या तात्पुरत्या यादीत आलं, तेव्हा पक्क्या निकालाची वाट कोणी पाहिली नाही. डीजे लागला, गुलाल उधळला आणि गावच्या चौकात 'हार्दिक अभिनंदन'चा फ्लेक्स चढला. मधोमध दादाचा फोटो. त्याच्या वर त्याहून मोठा उत्तमरावतात्यांचा, कारण आमच्या या चुलत्यांना झेडपीला उभं राहायचं आहे. अंतिम यादीत दादाचं नाव नव्हतं. फ्लेक्स मात्र तसाच राहिला.

एम.एस्सी.ची परीक्षा देऊन मी नगरहून घरी आले, तेव्हा दादाने घराबाहेर पडणं सोडलं होतं. झोप नव्हती. धावायचे बूट मित्राला देऊन टाकले होते. आई म्हणाली, "परवा म्हनला, मी नसलो तर तुमच्या जिवाचा घोर मिटंल."

"मग तू काय केलंस?"

"रव्याचे लाडू केले. त्याला आवडतात."

मी तात्यांकडे गेले. "फ्लेक्स उतरवा. दादाला त्या चौकातून जाववत नाही."

"इलेक्शनच्या तोंडावर माझा फोटो खाली? लोक म्हनतील, तात्या आधीच पडला."

"मग त्याचा तेवढा कापा."

"छ्या! मानूस गेल्यावानी दिसंल. त्याला म्हनावं, मन घट्ट कर. आमी काय कमी आपटलो?"

घरी येऊन वडिलांना, अप्पांना म्हटलं, "दादाला सरळ विचारू या, मरायचे विचार येतात का म्हणून."

अप्पा उसळले. "येडी का काय तू? डोक्यात नसंल ते घालशील त्याच्या."

"विचारल्याने तसं होत नाही. हे अभ्यासून पाहिलंय लोकांनी."

"तुझ्या लॅबमधी असंल. हितं घर हाय."

मी रागाने मागच्या दारी गेले. गावभर गुलाल चालतो, एक प्रश्न चालत नाही.

दादा मागच्या ओट्यावर बसला होता. मी शेजारी बसले. "दादा, मरून जावं असं वाटतं का तुला?"

तो चिडेल असं वाटलं होतं. त्याने खांदे सैल सोडले.

"व्हय. रोज." मग म्हणाला, "इचारलंस ते बरं केलंस. बाकी समदे नुसते लाडू खा म्हनतात."

आम्ही दोघंही हसलो. मग तो रडला. मी त्याचा हात धरून १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडच्या बाईंनी उपदेश केला नाही, ऐकून घेतलं. आजच डॉक्टरांना दाखवा आणि तोवर त्याला एकटं सोडू नका, म्हणाल्या.

अप्पा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "कुनी इचारलं तर पोट दुखतंय म्हनू," ते म्हणाले.

"काहीही म्हणा. पण गाडी काढा, अप्पा!"

दवाखान्यात काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "काय त्रास होतोय?"

"पोटात जरा..." अप्पा म्हणाले.

"मला जगावंसं वाटत न्हाई," दादा म्हणाला.

बाईंनी मान हलवली. "बसा. डॉक्टरांना सांगते, लगेच बघतील."

आम्ही बाकावर बसलो. माझा राग गेला नव्हता. अप्पा दादाकडे सरकले.

"कधीपास्नं रं, रवी?"

दादाने त्यांच्याकडे पाहिलं आणि सांगायला लागला. अप्पांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.