साडेपाचाची जोडी

रॉकेलच्या परातीत पिनियनचे, म्हणजे लॉरीच्या मागच्या आसातल्या छोट्या दातेरी चक्राचे, तुटलेले दात पडले होते. कमळाकर मिस्त्रीने त्यातला एक उचलला, फडक्याने पुसला आणि गोटीरामच्या तळहातावर ठेवला.

"ही जोडी संपली, गोटीरामभाऊ. डागडुजी करून चालवायची म्हणाल, तर मी हात लावणार नाही."

गोटीरामने तो दात मुठीत धरला. पनवेलच्या या गॅरेजात त्याची लॉरी मागची चाकं काढून लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. लढाईतली अमेरिकन लॉरी. लढाई संपल्यावर कल्याणच्या छावणीत लष्कराने जुन्या गाड्या विकायला काढल्या, तेव्हा नावडे गावचा गोटीराम आणि खाडीकाठच्या दिवाळे गावचा धर्मा कोळी या दोघांनी मिळून ती घेतली होती. पहाटे दिवाळ्याची मासळी मुंबईला न्यायची आणि दिवसा पारसिकच्या डोंगरातल्या खाणीतून दगड ओढायचा, असं ठरलं होतं. धर्मा दर्यातही जायचा आणि मासळीचंही बघायचा, गोटीराम गाडी चालवायचा. आता चौसष्ट साल उजाडलं होतं. धर्माला जाऊन तीन वर्षं झाली होती; कावीळ झाली आणि आठवडाभरात माणूस गेला. तेव्हापासून मासळीच्या खेपा कमी होत गेल्या आणि दगडाच्या वाढत गेल्या. मुद्दाम कोणी तसं केलं नव्हतं. धर्माच्या बायकोचा, बायजाचा अर्धा वाटा गोटीराम नेमाने पोचता करत होता, आणि तिनेही कधी तक्रार केली नव्हती.

म्हणून त्या दिवशी ती गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा तो गोंधळला. लॉरी काही दिवस बंद राहील एवढाच निरोप त्याने धाडला होता. ती बेलापूरहून एस.टी. पकडून आली होती. कमळाकरने स्टूल पुसून पुढे केलं, पण ती बसली नाही. लुगड्याचा पदर कमरेला खोचून ती लॉरीच्या मागे गेली आणि वाकून मागच्या आसाच्या मधोमध उघडलेल्या डिफरन्शियलमध्ये पाहू लागली.

"यात काय मोडलं ते मनाबी दावा," ती म्हणाली.

कमळाकरला बोलायला आवडायचं. त्याने गोणपाटात गुंडाळलेल्या दोन जोड्या बाहेर काढल्या. प्रत्येकात एक मोठं दातेरी चक्र आणि त्यात बसणारा छोटा पिनियन. इंजिनाकडून येणारा दांडा पिनियन फिरवतो, पिनियन मोठं चक्र फिरवतो आणि चक्र चाकं फिरवतं, असं त्याने हाताने फिरवून दाखवलं. एक जोडी आधीच्यासारखीच होती. दांड्याचे पावणेसात फेरे झाले की चाक एकदा फिरणार. तिच्यात ओढ मोठी, पण पळ नाही. दुसरीत साडेपाच फेऱ्यांतच चाक फिरायचं. तिची ओढ कमी, पण इंजिन तितकंच फिरवलं तरी गाडी पुढे जास्त जायची.

गोटीरामचं गॅरेजात येण्याआधीच ठरलं होतं. पावणेसाताचीच बसवा, असं त्याने सांगून टाकलं. दगडाच्या गाडीला तीच बरी, याला कमळाकरनेही मान डोलावली.

"आनि मासलीला?" बायजाने विचारलं.

कमळाकर हातातल्या जोडीवरचं ग्रीस पुसू लागला. मग तीच सांगू लागली. होड्या भरतीबरोबर येतात. मासळी उतरायची, बर्फात घालायची, टोपल्या चढवायच्या. त्याआधी लॉरी सोडता येत नाही. आणि लॉरी अशी चालते की मुंबईच्या बाजारात पोचेपर्यंत लिलाव सरत आलेला असतो आणि चांगलं गिऱ्हाईक निघून गेलेलं असतं. म्हणून आता दिवाळ्याच्या बाया धक्क्यावरच ठेकेदाराच्या लॉरीत टोपल्या ओततात, तो सांगेल त्या भावाने. तिची शेजारीण सगुणा, जिच्या आवाजाला बाजारातले दलाल दबकत, ती आता घरी जाळी सांधत बसते.

"मना उपकार नको, गोटीरामदादा," बायजा म्हणाली. "लॉरी अर्धी माजी हाय. माज्या अर्ध्या लॉरीनं मासली नेवाला पायजे."

गोटीरामने कमळाकरकडे पाहिलं. साडेपाचाची जोडी घातली तर खाणीच्या चढावर भरलेली गाडी दम टाकेल, हे मिस्त्रीनेच सांगावं असं त्याला वाटत होतं. कमळाकरने ते सांगितलंही. पण त्यापुढचंही सांगितलं. गाडीचा पहिला गिअर कधीचाच निकामी झाला होता आणि गोटीराम किती तरी वर्षं दुसऱ्यावरच गाडी उचलत होता. मागची जोडी ओढीची असल्यामुळे ते खपून जात होतं. मोडीत काढलेल्या अशाच एका लॉरीचा गिअरबॉक्स कमळाकरकडे पडून होता. त्याचा पहिला गिअर फार हळू आणि फार जोरकस होता. साडेपाचाच्या जोडीला तो गिअरबॉक्स लावला, तर दगडही निघेल आणि मासळीही. काम मात्र दुप्पट होतं, आणि चढावर चालवून बघितल्याशिवाय आपण शपथ घेणार नाही, असंही तो म्हणाला.

गोटीरामजवळची कारणं संपली. विचार करून सांगतो, म्हणत तो बाहेर पडला आणि एस.टी. स्टँडसमोरच्या हॉटेलात जाऊन बसला. थोड्या वेळाने बायजाही आली आणि समोरच्या बाकावर बसली. त्याने दोन चहा सांगितले.

चहा आला. मग ती म्हणाली, "ही दगडाची गोस्ट नाय. दुसरं कायतरी हाय."

गोटीराम बशीत चहा ओतत राहिला. पस्तिशी उलटल्यावर तो गाडी शिकला होता. त्याआधीचं सगळं आयुष्य मिठागरात गेलं होतं. तिथे कोणाला घाई नसते. पाणी वाफ्यात घ्यायचं आणि उन्हाने मीठ धरेपर्यंत वाट पाहायची. लॉरीचा वेगाचा काटा बंद पडून कैक वर्षं झाली होती. तो गाडी कानाने चालवायचा. इंजिनाचा एक ठरावीक घुमारा होता, तिथपर्यंत त्याला बरं वाटे. घुमारा त्याच्यावर चढला की पाय आपोआप उचलला जायचा. शेजारी बसलेला धर्मा समोरच्या फळीवर थापा मारून हसायचा. आज गोटीरामचं वय बावन्न होतं. एवढ्या वर्षांत त्याच्या हातून साधं कोंबडीचं पिल्लू चिरडलं नव्हतं, आणि गावात सगळे त्याला सावध ड्रायव्हर म्हणत. खरं काय ते त्याने घरी बायकोला, भागीरथीलाही सांगितलं नव्हतं.

"मना भ्याव वाटतं, वयनी," तो बशीकडे बघत म्हणाला. "पयल्यापासून. गाडी पलाली का वाटतं, आता माज्या हातात काय नाय."

बायजा हसली नाही. तिने पदराने कपाळ टिपलं.

"यांना पन वाटायचं," ती म्हणाली. "दर्यात जाताना, दर खेपेला. मनाच सांगायचं, दुसऱ्या कोनाला नाय."

"धर्माला? तो तर मना म्हनायचा, दाब, अजून दाब."

"बेगिन घरा येवाला म्हनत असतील."

गोटीरामने मान वर केली. धर्माचा हात फळीवर आपटताना त्याला दिसला. तो हात घाई करायचा, हे त्याला माहीत होतं. कशाची, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. बशीत उरलेला चहा त्याने एका घोटात संपवला. मग उठून गॅरेजात गेला आणि कमळाकरला साडेपाचाची जोडी बसवायला सांगितली, गिअरबॉक्ससकट. अट एकच घातली. पहिली खेप दगडाची होणार, आणि मिस्त्रीने शेजारी बसायचं.

गाडी ठोकळ्यांवरून उतरली त्या दिवशी तिघं खाणीवर गेली. बायजा वर रस्त्याच्या कडेला थांबली. खाली दगड भरून झाले. गोटीरामने सवयीने गाडी दुसऱ्यावर उचलली. चढाच्या मध्यावर लॉरी थरथरली, दोनदा पुढे झेपावली आणि बंद पडली. वरून खाणीचा मुकादम काहीतरी बोलला आणि कामकरी हसले. गोटीरामने ब्रेक दाबून धरला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"पहिला आहे आता तुम्हाला," कमळाकर हळूच म्हणाला. "तो घ्या."

इतक्या वर्षांत हात ती जागा विसरला होता. दांडी एकदा अडखळली, दुसऱ्यांदाही अडखळली, मग खटकन बसली. त्याने क्लच सोडला. इंजिन मोठ्याने घुमलं आणि लॉरी मुंगीच्या चालीने चढ चढू लागली, इतकी हळू की शेजारून एक कामकरीण डोक्यावर पाटी घेऊन पुढे निघून गेली. पण लॉरी थांबली नाही. वर आल्यावर बायजाने दगडांकडे पाहिलं, गोटीरामकडे पाहिलं आणि उद्या किती टोपल्या भरू, एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे लॉरी दिवाळ्याहून निघाली. मागे टोपल्यांवर सगुणा, दिवाळ्याचीच काशी आणि आणखी दोघी बसल्या होत्या. पुढे, धर्मा बसायचा तिथे, बायजा बसली होती. गाडी जोरात न्या असं ती काही म्हणाली नव्हती, आणि आपण नेहमीच्या घुमाऱ्याच्या वर जायचं नाही, हे गोटीरामने मनाशी ठरवलं होतं. नावडं गेलं, शीळ गेलं. मुंब्र्याचा चढ त्याने तिसऱ्यावर काढला. पलीकडे सपाट रस्ता लागला तेव्हा चौथा टाकला आणि कान लावून इंजिन आपल्या ओळखीच्या सुरावर आणून ठेवलं. त्याच्या वर त्याने जाऊ दिलं नाही.

तरी काहीतरी वेगळं होतं. मैलाचे दगड लवकर लवकर येत होते. कळव्याचा पूल दिसला तेव्हा खाडीवर अजून अंधारच होता. एरवी इथे येईपर्यंत चांगलं फटफटलेलं असायचं.

"किती वाजलं असतील?" त्याने विचारलं.

बायजाने पाण्याकडे पाहिलं. भरती कुठवर चढली आहे त्यावरून तिला वेळ कळायची. "लवकर हाय," ती म्हणाली. "बरंच लवकर हाय."

"मी तर जोरात नाय चालवली."

"इंजिन रोजच्यावानी बोलतंय ना?"

"तसंच बोलतंय."

"मंग झालं."

कमळाकरने जोड्या हातात घेऊन हेच सांगितलं होतं, पण तेव्हा ते नुसतं ऐकलं होतं. आता पायाखालच्या पत्र्यातून ते त्याला कळलं. तेवढाच घुमारा, पण रस्ता जास्त. पुलाच्या पलीकडच्या उतारावर घुमारा वर चढला आणि त्याने पाय उचलला. पुढे आणखी एकदा उचलला. बायजा खिडकीबाहेर बघत राहिली, जणू तिने ते पाहिलंच नाही.

बाजारात लिलाव नुकता सुरू होत होता. आजवर गोटीराम पोचायचा तेव्हा लोक फरशी धुवायला पाण्याच्या बादल्या ओतत असायचे. आज सगळीकडे मासळीचे ढीग होते, बर्फ फुटत होता, दलाल धोतरं वर खोचून उभे होते. सगुणा लॉरीतून उडी टाकून सगळ्यांच्या पुढे गेली. टोपल्या उतरवायला बाया पुरेशा होत्या, तरी गोटीरामने एका टोपलीचा काठ धरला आणि ओल्या फरशीवरून जपून चालत आत आला. एका दलालाने पापलेटं बघून भाव सांगितला. बायजाने मान हलवली आणि एक पापलेट उचलून त्याचा कल्ला उघडून दाखवला. आत लालभडक होतं. दुसरा दलाल पुढे सरकला. कुठली मासळी, असं त्याने विचारलं.

"दिवाल्याची," सगुणा म्हणाली. तिचा आवाज पार पलीकडच्या रांगेपर्यंत गेला. तिकडची दोन गिऱ्हाइकं वळून यायला लागली.

परतताना ऊन वर आलं होतं. मागे रिकाम्या टोपल्यांना टेकून बाया बोलत होत्या, हसत होत्या. ठाणं ओलांडेपर्यंत त्यांचा आवाज येत होता, मग बंद झाला. गोटीरामने काचेतून मागे पाहिलं तर चौघी झोपल्या होत्या, एकमेकींच्या अंगावर. बायजाचीही मान खिडकीच्या कडेला कलली होती. तोंड किंचित उघडं होतं आणि मासळीचा वास असलेले तिचे हात मांडीवर उताणे पडले होते.

रस्ता सरळ होता, मोकळा होता. मागून एक नवीकोरी लॉरी हॉर्न वाजवत आली. गोटीरामने खिडकीबाहेर हात काढून तिला पुढे जायची खूण केली, आणि खड्डे चुकवत, आपली गाडी आणखी थोडी हळू घेतली.