दोन पाळ्यांची सायकल

मी बोलतेय ती एक सायकल आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मग दचकायला नको. काळी, बावीस इंची, दांडीवाली. माझा मडगार्ड वाजतो, घंटी वाजत नाही, आणि ब्रेक त्याच्या मनात आलं तर लागतो. हसायचं तर हसून घ्या. पण मला जे सांगायचंय ते माणसांपैकी एकट्या योगेंद्रला ठाऊक आहे, आणि तो मेला तोंडाला कुलूप लावून बसलाय. मग मी नाही तर कोण बोलणार?

जन्म माझा लुधियान्याचा. तिथून सुरतेला भाईदासच्या दुकानात आले. पहिला धनी दूधवाला. दोन्ही अंगांना कॅन लटकवून त्यानं माझी कंबर मोडली, आणि लूना घेतल्यावर मला परत भाईदासच्या दारात टाकून गेला. माणसांची रीतच आहे ती, नवं आलं की जुन्याची अडगळ.

तिथून मला उखानं उचललं. उखा खानदेशातला, तापीकाठच्या गावचा. इथे उधन्याच्या बाजूला एका कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचा आणि भेस्तानला एका खोलीत बायकोबरोबर राहायचा. भाईदास त्याला म्हणाला, "लई जा ने भाई, सायकल नथी, घोडी छे घोडी!" उखानं माझी एकेक तार बोटानं वाजवून बघितली, चाक फिरवून कान लावला, आणि मग मला घेऊन चालत घरी गेला. चालत! म्हणे, पहिल्याच दिवशी हिच्यावर बसायचं बरं दिसत नाही. त्याच्या बायकोनं, मंगलाबाईनं, हँडलला हळदकुंकू लावलं तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं.

वर्षभरानं उखानं धाकट्या भावाला गावाहून आणलं. तो योगेंद्र. उखा बुटका, छातीनं रुंद. योगेंद्र उंच, काडीसारखा. दोघांना एकाच कारखान्यात, त्याच चार लूमवर काम मिळालं, उखाला रातपाळी आणि योगेंद्रला दिवसपाळी. एकाच गोधडीत दोघे झोपायचे, पण एक उठल्यावर दुसरा. खोलीत त्यांची गाठ पडायची ती फक्त सोमवारी, कारखान्याची वीज बंद असायची तेव्हा.

एरवी भेट व्हायची ती कारखान्याच्या फाटकात, सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, माझ्या दोन बाजूंना उभं राहून. कामावर येणारा मला घेऊन यायचा, सुटणारा मला घेऊन जायचा. त्याचा त्यांनी एक नियम केला होता. उतरणाऱ्यानं सीटचा बोल्ट सैल करून द्यायचा, आणि बसणाऱ्यानं सीट आपल्या उंचीला आणून तो पान्यानं आवळायचा. पाना वॉचमन काशिनाथच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असायचा. दिवसातून दोनदा माझी सीट वरखाली. बोल्टाचे आटे पार गुळगुळीत झाले होते. पण त्या दोन मिनिटांत त्यांचं जे काही बोलणं व्हायचं, मंगलाबाईचा निरोप, गावाकडची खबर, डब्यात काय आहे, ते सगळं माझ्यावरून जायचं. मला ते फार आवडायचं.

बोलणं मात्र ओरडून. लूमच्या खडखडाटानं उखाचे कान जात चालले होते. तो कबूल करायचा नाही. मंगलाबाई मागून हाक मारायची, हा आपला पुढेच. योगेंद्र ते बघायचा, आणि स्वतःच्या कानाला उगाच हात लावायचा.

योगेंद्रला पाण्याचं वेड. तापीत वाढलेलं पोर! सोमवारी मला घेऊन बारडोलीच्या रस्त्याला नहरीवर, म्हणजे कालव्यावर, जायचा आणि तासन् तास पोहायचा. तिथेच दिलीप सर भेटले. हजिऱ्याच्या एका मोठ्या कंपनीच्या वसाहतीत खेळांचं बघायचे. बारडोलीहून परतताना त्यांची स्कूटर पंक्चर झाली, म्हणून नहरीच्या कडेला उभे होते. योगेंद्र बाहेर आला तसे म्हणाले, "तू कुणाकडे शिकलास रे?"

"शिकायचं काय त्यात?" योगेंद्र म्हणाला. सर हसले.

त्यांनी सांगितलं ते असं. हिवाळ्यात वसाहतीत ट्रायथलॉन होती. छोटी, स्प्रिंट म्हणतात ती. आधी पाऊण किलोमीटर पोहायचं, अंग ओलं असतानाच सायकलवर बसून वीस किलोमीटर मारायचे, उतरून लगेच पाच किलोमीटर धावायचं. बाहेरच्या हौशी पोरांनाही उतरता येणार होतं. आणि बाहेरच्यांत जे पहिले तीन येतील, त्यांना कंपनीच्या फायर ब्रिगेडच्या भरतीला बोलावणार होते. पक्की नोकरी, राहायला खोली, आणि लूमचा आवाज नाही.

उखानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो फाटकात उभं राहून खो खो हसला. "पोहणं, पयनं, हाई तं कुत्रं बी करस! त्यानी कोनी नोकरी देस का?" पण नोकरीचं खरं आहे म्हटल्यावर त्याचं हसू गेलं. माझ्या हँडलवरचा हात त्यानं बराच वेळ उचलला नाही.

तेव्हापासून योगेंद्र बारा तास लूमवर उभा राहून झाल्यावर रस्त्यानं धावायचा. चहाच्या टपरीवरचे ओरडायचे, "काय रे, चोर लागला का मागे?" मला तर त्यानं असं पळवलं की माझी साखळी दोनदा उतरली. मी कुरकुर केली, पण मनातून खूश होते. या वयात कोण एवढा भाव देतं!

अडचण एकच. शर्यत रविवारी, म्हणजे कामाच्या दिवशी. योगेंद्रनं खाडा केला तर शेठ लूम बदलीवाल्याला देणार, आणि एकदा दिलेले लूम परत मिळणं कठीण. योगेंद्र म्हणाला, "जाऊ दे दादा. नाही जात मी."

उखानं त्याला एक शिवी हासडली. ती मी सांगत नाही. मग म्हणाला, "तू जाय. शनवारनी रात मन्ही, ऐतवारना दिवस बी मन्हा. मी शे ना." म्हणजे चोवीस तास सलग, उभ्यानं. योगेंद्र मान खाली घालून माझं पेडल पायानं फिरवत राहिला.

शनिवारी संध्याकाळी उखा रोजच्यापेक्षा लवकर फाटकात आला. पंडित नावाचा त्यांच्या गावचा टेम्पोवाला माल घेऊन हजिऱ्याकडे जाणार होता, तो योगेंद्रला आणि मला तिथूनच उचलणार होता, पोराचे पाय ताजे राहावेत म्हणून. उखा माझ्यावरून उतरला आणि बोल्ट सैल करून थांबला नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं स्वतः सीट वर ओढली, योगेंद्रच्या उंचीला. कमरेशी हात लावून अंदाज घेतला, पुन्हा बोटभर वर केली. भावाला तेवढंही करायला लागू नये, अशी माया. मग पाना घ्यायला वळला तर काशिनाथच्या खोलीला कुलूप. काशिनाथ चहाला गेलेला. उखानं थोडा वेळ वाट पाहिली. मग दात-ओठ खाऊन बोल्ट हातानंच आवळला, आणि पाळीची वेळ झाली तसा आत पळाला.

योगेंद्र बाहेर आला. सीट वर केलेली बघून गालात हसला. "दादानं आवळून ठेवली," असं पंडितला कौतुकानं सांगून त्यानं मला टेम्पोत चढवलं. मी काय बोंब मारू? घंटीसुद्धा धड नाही मला!

सकाळी वसाहतीत मला एका दांडीला टेकवून उभं केलं. आजूबाजूला गिअरवाल्या, बारीक टायरच्या, मेमसाहेबी थाटाच्या सायकली. मी गप उभी. डोळ्यांसमोर एकच गोष्ट, तो बोल्ट. कुणीतरी येऊन माझे ब्रेक दाबून बघितले, टायर दाबून बघितले. सीटला कुणी हात लावला नाही.

योगेंद्र पाण्यातून सगळ्यांच्या आधी बाहेर आला. बाहेरच्यांत नव्हे, सगळ्यांत! दिलीप सर उड्या मारत होते. ओल्या अंगानं तो माझ्याकडे धावत आला, बुटांत पाय घातले आणि टाच मारली. अहाहा! हजिऱ्याचा रस्ता, समोरून खाडीचा वारा, आणि पुढे कुणी म्हणजे कुणी नाही. उखाचे हात काही कमी ताकदीचे नव्हेत. सुरुवातीला बोल्टानं धरलंही. मला वाटलं, निभावलं.

मग ट्रकांनी खणलेला खराब तुकडा आला. दोन दणके बसले, आणि माझी सीट सर्रकन खाली बसली, पार तळाला. योगेंद्रचे गुडघे छातीशी आले. तो उतरला. सीट ओढली, बोल्ट हातानं पिळला, बसला, पुन्हा खाली. पाना कुठून आणणार? रविवारी सकाळी रस्त्यावर दुकान उघडं नव्हतं, आणि शर्यतीबाहेरच्या कुणाची मदत घेतली तर शर्यतीतून बाद. तो वाकून बोल्टाकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "दादानं हातानं आवळली."

रागानं नाही हो म्हणाला. त्यानं रागावून मला लाथ मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

राहिलेला सगळा रस्ता त्यानं उभ्यानं मारला. एकदाही टेकला नाही. पुढे एक गेला, दुसरा गेला, मग मोजायचं मी सोडलं. मला टाकून धावायला निघाला तेव्हा त्याच्या मांड्या थरथरत होत्या. बाहेरच्यांत तो सहावा आला.

संध्याकाळी सातला कारखान्याच्या फाटकात उखा बाहेर आला. डोळे लाल, केसांत धाग्यांचा कचरा, चालताना भिंतीला हात. आता त्याची रातपाळी योगेंद्र करणार होता. उखानं लांबूनच विचारलं, "कितवा उना?"

योगेंद्रनं सहा बोटं दाखवली. लूमवाले असंच बोलतात, बोटांनी.

"काब्र?" का, म्हणून त्यानं विचारलं. "काय व्हयनं?"

"पाय कमी पडले, दादा."

उखाचा चेहरा कसा झाला ते मला सांगवत नाही. "चोवीस तास मी उभा राहिनू," तो म्हणाला, "आनि तुन्हा पाय घंटाभर नही चालनात?" मग उखा माझ्याकडे वळला, तर सीट तळाला, त्याच्याच उंचीला. त्याचा आवाज मऊ झाला. "मन्हासाठी सीट खाले करी लई उना का?"

"हा, दादा," योगेंद्र म्हणाला, आणि लूमवर गेला.

तरी गोष्ट संपली नव्हती. सोमवारी दुपारी दिलीप सर स्कूटरवर भेस्तानला आले. मी दाराशी भिंतीला टेकलेली. मंगलाबाईनं चहा ठेवला. सर म्हणाले, "योगेंद्र, मी वळणावर उभा होतो. तू सगळा रस्ता उभ्यानं सायकल मारत होतास. सीट गेली होती ना? तसं असेल तर सांग. मी साहेबांशी बोललोय. पोहण्यात पहिला आलेला मुलगा सायकल बिघडल्यामुळे मागे पडला असेल, तर ते भरतीला बोलावायला तयार आहेत. तू फक्त हो म्हण."

अरे म्हण ना! माझ्या सगळ्या तारा ताणल्या गेल्या.

उखा कानामागे हात धरून ऐकत होता. तो छाती पुढे काढून म्हणाला, "सीटले काय धाड भरनी व्हती, सर? सीट तं मी सोता, मन्हा हातवरी वर करी दिन्ही व्हती! पोराले काय बी तरास नको म्हनीसन." आणि मोठ्या अभिमानानं त्यानं भावाकडे बघितलं.

योगेंद्रनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला हो म्हणायचं होतं. ओठ हललेसुद्धा.

"सायकल ठीक होती, सर," तो म्हणाला. "पायच कमी पडले."

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी चारचौघांत ठीक म्हटलं, आणि ते धडधडीत खोटं. सर चहा अर्धा ठेवून गेले. मंगलाबाई दीराला म्हणाली, "भाऊ, दोन घास खाई ल्या." त्यानं खाल्लं नाही.

याला आता काही वर्षं झाली. पुढच्या हिवाळ्यात शर्यत पुन्हा होती. "पाय नहीत तं काब्र जावानं?" असं उखाच म्हणाला, आणि योगेंद्र गेला नाही. दिलीप सरांची बदली झाली. उखाला आता रात्री खोकला सोडत नाही, म्हणून रातपाळी योगेंद्र करतो. परवा मंगलाबाईनं योगेंद्रला मागून दोन हाका मारल्या. त्याला ऐकू आल्या नाहीत.

माझं म्हणाल तर ट्यूबमध्ये रबरापेक्षा ठिगळं जास्त आहेत, आणि भाईदास मला भंगाराच्या भावात मागतोय. जाईन एक दिवस. त्याचं मला काही नाही.

माझं मागणं एवढंच आहे. कधी भेस्तानकडे आलात, तर चहाच्या टपरीवर उखा भेटेल. मी त्याच्या शेजारीच असेन. तो सगळ्यांना सांगतो तसं तुम्हालाही सांगेल, की माझा भाऊ पोहण्यात पहिला होता, त्याच्यासाठी मी चोवीस तास उभा राहिलो, सीटसुद्धा माझ्या हातानं वर करून दिली, पण पोराचे पाय कमी पडले. मग तो मोठ्यानं विचारेल, "बराबर शे ना?" त्याला ऐकू येत नाही, तेव्हा नीट दिसेल अशी मान हलवा. आणि माझ्याकडे बघू नका.