अमृतची ट्रॉली

पिंगळी स्टेशनापासून आत वळलं की मुंजाजीचं शेत लागतं आणि शेतातच घर. ट्रॅक्टर पत्र्याच्या शेडात राहायचा. ट्रॉली लांब होती, ती शेडात मावायची नाही, म्हणून कायम बाहेर लिंबाखाली उभी असायची.

ती ट्रॉली मुंजाजीच्या एकुलत्या एका मुलानं, अमृतनं, स्वतः बनवून घेतली होती. फाट्यावर धम्मदीपचं वेल्डिंगचं दुकान होतं. अमृत आणि धम्मदीप पहिलीपासून एका शाळेत शिकलेले. दोघांनी एका उन्हाळ्यात परभणीहून लोखंड, पत्रे, जुनी चाकं आणली आणि धम्मदीपच्या दुकानापुढं ती उभी केली. हिरवा रंग देताना धम्मदीपच्या केसांतही रंग गेला. अमृतच्या आईनं, केवळाबाईनं, त्याला पुढ्यात बसवून खोबरेल तेलानं तो काढला होता आणि काढता काढता दोघांनाही शिव्या घातल्या होत्या.

पुढच्याच पावसाळ्यात सोयाबीनमध्ये कोळपणी करताना अमृतच्या अंगावर वीज पडली. शेतरस्ता चिखलाचा, जीप आत येईना. निरोप मिळताच धम्मदीप पळत आला, ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली आणि अमृतला तीत घालून दवाखान्याकडं निघाला. मागं मुंजाजी मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. डॉक्टरांनी हात लावला आणि मान हलवली.

त्यानंतर मुंजाजीचा जीव त्या ट्रॉलीत अडकला. कुणी मागायला आलं तर तो द्यायचा नाही. शेतातून माल आणला की लगेच धुऊन काढायचा. धम्मदीप अधूनमधून यायचा, केवळाबाईच्या हातचा चहा प्यायचा, बीपीच्या गोळ्या संपल्या असतील तर आणून द्यायचा.

मग आसपासच्या गावांतून ट्रॉल्या चोरीला जायला लागल्या. चोर स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन यायचे, जोडायचे आणि निघून जायचे. भर रस्त्यानं चाललेली ट्रॉली कुणाची, हे कोण विचारतो? मुंजाजीची झोप उडाली. त्यानं धम्मदीपला बोलावून घेतलं.

धम्मदीपनं जमिनीत सिमेंट भरून लोखंडी कडी गाडली. त्या कडीतून जाड साखळी चाकांत ओवली. ट्रॅक्टरला जोडायच्या दांडीवर टोपणासारखी पेटी बसवली आणि तिला कुलपाची सोय केली. मग मशीन घेऊन तो ट्रॉलीखाली शिरला.

"खाली काय करायलास रे?" मुंजाजीनं विचारलं.

"रंग कुनीबी बदलतंय, काका. आतल्या पट्टीवर अमृतचं नाव काढायलोय वेल्डिंगनं. कुटंबी गेली तरी वळखू येईल."

बाहेर आल्यावर त्यानं मुंजाजीनं बाजारातून आणलेली कुलपं हातात घेऊन पाहिली. "ही लय हलकी हायत. मी परभणीहून चांगली आणतो."

"आसू दे. सध्या हीच लाव."

धम्मदीपनं कुलपं लावून पाहिली, चाव्या मुंजाजीच्या हातात दिल्या आणि निघून गेला.

उन्हाळ्यात पाथरीला भाचीचं लग्न होतं. नवरा-बायको सकाळीच जीपनं गेले. ऊन उतरताना परत आले तर लिंबाखालची जागा मोकळी होती. साखळी नीट गुंडाळून ठेवलेली होती. कुलपं बाजूला होती, उघडी. एकालाही ओरखडा नव्हता.

मुंजाजी त्या मोकळ्या जागेत खाली बसला. एक कुलूप उचलून त्यानं उलटसुलट पाहिलं. मग म्हणाला, "चावीनं उघडलंय."

"चाव्या तर माझ्या कमरंला हायत," केवळाबाई म्हणाली.

"कुलपं त्याच्या हातात व्हती. दुसरी चावी करून घ्यायला किती येळ लागतोय?"

केवळाबाईला आधी कळलंच नाही तो कुणाबद्दल बोलतोय. कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "अवो, तोंडाला आवरा जरा. ज्याला चोरायची हाय, तो खाली नाव कशाला काढील?"

"मग आपण आज घरी न्हाई, हे कुनाला मालूम व्हतं? त्यालाच मी सांगितलं व्हतं."

"आख्ख्या गावाला मालूम व्हतं. लग्नाला गेलो व्हतो आपण, काय लपून गेलो व्हतो?"

पण मुंजाजीच्या डोक्यात शक बसला तो बसला. तो ठाण्यात गेला आणि धम्मदीपचं नाव सांगून आला.

पोलीस दुकानावरून धम्मदीपला घेऊन गेले तेव्हा फाट्यावर चहाच्या टपरीपुढं सगळी माणसं उभी होती. मुंजाजीलाही ठाण्यात बोलावलं. धम्मदीप भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. गाल सुजलेला दिसत होता.

"काका," तो म्हणाला, "तुमी सांगा की यांना."

मुंजाजीनं साहेबाच्या टेबलाकडं पाहिलं. "मला जे वाटलं ते मी सांगितलंय," एवढं बोलून तो बाहेर आला.

पुरावा काहीच नव्हता, म्हणून धम्मदीपला सोडून दिलं. पण दुकानावर गिऱ्हाईक येईना. दाराला कडी बसवायची असली तरी लोक परभणीला जायला लागले. एका गिऱ्हाइकानं तर तोंडावरच सांगितलं, "तू केलेली कडी घराला लावायची म्हणजे भ्याव वाटतंय बाबा."

सोयाबीनचं पेरणं उरकल्यावर ठाण्यातून फोन आला. चुडाव्याच्या बाजूला एका शेतातल्या आखाड्यावर चोरीच्या ट्रॉल्या सापडल्या होत्या. मुंजाजी गेला. सगळ्यांना एकच लाल रंग फासलेला होता. तो एकेकीखाली वाकून पाहू लागला. एका ट्रॉलीखाली त्याच्या बोटांना उंचवटे लागले. अ, मृ, त. तो तिथंच आडवा पडून राहिला. हवालदारानं हाताला धरून त्याला बाहेर काढलं.

"दुसऱ्या जिल्ह्यातली टोळी हाय," हवालदार म्हणाला. "त्यांच्याकडं चाव्यांचा झुबकाच सापडला. असली बाजारची कुलपं त्यांच्या कोणत्याबी चावीनं उघडत्यात. तुमच्या त्या पोराचा ह्यात काही संबंध न्हाई."

मुंजाजी तिथून घरी आला नाही, सरळ धम्मदीपच्या घरी गेला. दुकान बंद होतं. धम्मदीपची आई, गीताबाई, ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिनं त्याला बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.

"धम्मदीप कुटं हाय, गीताबाई?"

"चाकणला गेला. कंपनीत लागलाय."

"ट्रॉली सापडली. त्याचा काही गुन्हा नव्हता."

"आमाला मालूमच व्हतं, भाऊ."

तो ओट्याखालीच उभा राहिला. ती बस म्हणाली नाही. शेवटी त्यानं फोन लावून द्यायची विनंती केली. गीताबाईनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं, फोन लावला आणि त्याच्या हातात दिला.

"काका?" पलीकडून आवाज आला. मागं कारखान्याची घरघर चालली होती.

"लेका, माझं चुकलं. तू परत ये. मी गावात सगळ्यांपुढं सांगतो."

"पोलिसांनी मारलं त्याचं काही न्हाई, काका. त्यांना मी कोण? पण तुमी माझ्या तोंडाकडं बघितलं न्हाई."

मुंजाजीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दुकानाचं सामान इकून टाकलंय मी. आता काय येत न्हाई." मग त्यानं विचारलं, "काकू गोळ्या येळंवर घेती का?"

"घेती," मुंजाजी म्हणाला, आणि फोन बंद झाला.

घरी केवळाबाई दारातच उभी होती. ट्रॉली सापडल्याची आणि तो गीताबाईकडं गेल्याची खबर तिला आधीच कळली होती. तिनं ट्रॉलीचं काही विचारलं नाही.

"पोरगं काय म्हणलं?"

"तू गोळ्या येळंवर घेती का, म्हणला."

"आनी येतो म्हणला का?"

मुंजाजीनं नकारार्थी मान हलवली. केवळाबाई आत गेली आणि भिंतीकडं तोंड करून खाली बसली. तो उंबऱ्यात उभा राहून तिच्या हलणाऱ्या पाठीकडं पाहत राहिला. आत जाऊन तिच्याजवळ बसायची त्याची हिंमत झाली नाही.