वॉर्डातली प्रार्थना

दर गुरुवारी अर्पिता धाडहून सकाळच्या एसटीनं बुलढाण्याला जाते. हातातल्या पिशवीत एक मऊ टॉवेल, खोबरेल तेलाची बाटली, पावडरचा डबा आणि नखं कापायची कात्री. तिला रिटायर होऊन आता बराच काळ झाला, पण बसमध्ये कुणी ना कुणी सरकून घेतं आणि म्हणतं, "बसा सिस्टर." धाडमधल्या निम्म्या लोकांना तिनं कधी ना कधी सुई टोचलेली आहे.

बुलढाण्याला ती जाते सिस्टरबाईंकडे. सुवार्ता शिरसाट हे त्यांचं पूर्ण नाव, पण मिशनच्या दवाखान्यात त्या मेट्रन होत्या तेव्हापासून सगळ्यांच्या सिस्टरबाईच. आता पंच्याऐंशी उलटून गेलेल्या. खुब्याचं हाड मोडलं आणि त्या खाटेला खिळल्या. लग्न केलं नव्हतं, म्हणून भाची सारिका त्यांना आपल्या घरी घेऊन आली. सारिका शाळेत शिकवते, घर सांभाळते आणि मावशीचंही करते. अंग पुसायला तिनं एक बाई लावून पाहिली होती. सिस्टरबाईंनी तिला आठवड्यात परत पाठवलं. "पाठ पुसते अन् बोटांच्या बेचक्या सोडून देते," त्या म्हणाल्या. "अशी बाई काय कामाची?" मग अर्पितानं स्वतःच सांगितलं, गुरुवारी मी येत जाईन.

त्या गुरुवारी उन्हं नुकतीच खिडकीतून खाटेवर आली होती. अर्पितानं कोमट पाण्याची बादली जवळ ओढली, बाह्या वर सारल्या आणि सिस्टरबाईंना एका कुशीवर वळवलं. म्हाताऱ्या माणसाची पाठ पुसताना फार बोलायचं नसतं, हे तिला याच बाईंनी शिकवलेलं. टॉवेल पिळता पिळता तिचं मन आपसूक मागे गेलं. या खोलीत ते नेहमीच जातं.

मिशनचा दवाखाना म्हणजे कौलारू छपराची लांबच लांब इमारत, पुढं कडुनिंबाची झाडं आणि मागं विहीर. बायकांच्या वॉर्डात दोन्ही भिंतींना लागून खाटा आणि मध्ये वाट. फिनेलचा वास, उकळत्या सुयांच्या भांड्याची वाफ आणि नातेवाइकांनी चुलीवर टाकलेल्या भाकरीचा खरपूस दरवळ, हे सगळं एकत्र नाकात शिरायचं. दुसरबीड, बीबी, अशा कुठकुठल्या गावांहून माणसं यायची. कुणी बैलगाडीतून, कुणी जीपमध्ये कोंबून, कुणी खाटेवर घालून चौघांच्या खांद्यावर. अर्पिता तिथं नर्सिंग शिकायला आली तेव्हा मिसरूड न फुटलेल्या पोरासारखी किडकिडीत होती. डोक्यावरची कडक खळीची टोपी सारखी घसरायची.

सकाळची ड्युटी लागली की पहिलं काम प्रार्थना. सगळ्या नर्सेस वॉर्डाच्या मध्ये उभ्या राहायच्या. एक गीत, मग एकीनं प्रार्थना करायची. ज्या दिवशी जिची पाळी. खाटेवरच्या बायांत हिंदू असत, बौद्ध असत, मुसलमान असत. ज्यांना वाटे त्या हात जोडत, बाकीच्या आपल्या पडून राहत. झाडू मारणारी सोजराबाई बौद्ध. ती झाडू भिंतीला टेकवून दाराशी शांत उभी राहायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "तुमी तुमचं म्हना. मी दम खाऊन राह्यली." पण गीताचा सूर चुकला की पहिली तीच हसायची.

सिस्टरबाईंची प्रार्थना सगळ्यात आखूड असायची. गोड गोड शब्द नाहीत, लांबण नाही. "प्रभू, बाळंतिणीचा ताप उतरू दे. सलाईनचा ट्रक आज येऊ दे, कालही आला नाही. आमच्या हातांना घाई होऊ देऊ नको. आमेन." झालं. लगेच बेडपॅन उचलायला. नव्या पोरींना पहिल्यांदा हसू यायचं, की हे काय, देवाला का सामान मागायचं? पण काही महिन्यांत त्यांच्याही प्रार्थना तशाच होऊन जायच्या. शीर सापडू दे. टाके उसवू नको देऊ. त्या तिसऱ्या खाटेवरच्या आजीला कुणीतरी भेटायला येऊ दे.

अर्पिता बापाघरीही प्रार्थनेतच वाढलेली. जेवणाआधी, झोपण्याआधी, परीक्षेआधी. पण प्रार्थना आणि काम एकाच श्वासात होतं, हे तिला त्या वॉर्डात कळलं. आणि तिथंच एकदा तिची प्रार्थना बंद पडली.

तो उन्हाळ्याचा शेवट होता आणि आसपासच्या गावांत जुलाब-उलट्यांची साथ होती. बीबीकडची केसरबाई आपली लेक घेऊन आली. इंदू नाव पोरीचं, शाळेत जाण्याच्या वयाची. अंगातलं पाणी इतकं गेलेलं की डोळे खोल गेले होते आणि शीर हाताला लागत नव्हती. एकीनं पाहिलं, दुसरीनं पाहिलं. डॉक्टर ऑपरेशनमध्ये. शेवटी अर्पितानं सुई हातात घेतली, डोळे मिटून मनातल्या मनात म्हटलं, प्रभू, शीर सापडू दे. आणि सापडली. पहिल्याच वेळी. सलाईन चालू झालं. संध्याकाळपर्यंत पोर डोळे उघडून पाणी मागू लागली.

अर्पिताचे पाय त्या दिवशी जमिनीवर ठरत नव्हते. तिनं केसरबाईला छातीठोक सांगितलं, "तुमची पोरगी वाचली. देवानं ऐकलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी इंदू गेली.

कशानं गेली ते डॉक्टरांनी समजावून सांगितलं, मूत्रपिंड वगैरे. अर्पिताच्या डोक्यात काही शिरलं नाही. ती शेवटपर्यंत खाटेपाशी होती, मग कुणीतरी तिला बाजूला केलं, मग कुणीतरी चहा हातात दिला. केसरबाई तिला दिसली नाही. नातेवाईक पोरीला घेऊन गेले.

पुढच्या सकाळी प्रार्थनेची पाळी अर्पिताची होती. गीत संपलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. अर्पितानं टोपी काढली आणि सरळ वॉर्डाबाहेर विहिरीपाशी जाऊन बसली.

सिस्टरबाई थोड्या वेळानं आल्या. जवळ बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, "काय झालं?"

"मले प्रार्थना म्हनता येनार नाही सिस्टरबाई. आता कधीच नाही. माहा जीवच लागत नाही त्यात."

"नको लावू जीव."

अर्पितानं वर पाहिलं.

"बेडपॅन देतानी जीव लागते का तुहा?" सिस्टरबाई म्हणाल्या. "नाही लागत ना? तरी देते. काऊन देते? का त्या बाईले पाहिजे असते म्हनून. प्रार्थना बी तशीच. तुह्यासाठी नको म्हनू. वॉर्डासाठी म्हन. टोपी घाल, चाल."

त्या वेळी अर्पिताला ही बाई दगडाची वाटली. पण ती उठली. वॉर्डात येऊन कोरड्या गळ्यानं तिनं दोन वाक्यं म्हटली आणि आमेन केलं. त्यानंतर पुष्कळ महिने तिनं तशीच प्रार्थना केली. तोंडानं. जसं थर्मामीटर झटकायचं, चादरीचा कोपरा दुमडायचा, तसंच तेही एक. रविवारी चर्चमध्ये ती मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघायची. आई-बापाला काही सांगितलं नाही. आतून मात्र कुणीतरी दिवा काढून नेल्यासारखं वाटत होतं.

वर्ष उलटून गेल्यावर केसरबाई पुन्हा आली. या वेळी बाळंतपणाला. अर्पितानं तिला दारातूनच ओळखलं. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं तर तिनं पाठवलं असतं, पण लेबर रूमची ड्युटी तिचीच होती. सकाळपासून कळा चालू, बाळ आडवं-तिडवं नव्हतं, पण केसरबाई घाबरलेली होती. अर्पिताचा हात तिनं घट्ट धरला.

"बाई, ते म्हना ना."

"काय?"

"ते तुमी सकाळी म्हनता ते. देवाचं."

अर्पिताचा सगळा राग, वर्षभराचा, एकदम तोंडाशी आला. "केसरबाई, मी ते मागच्या वक्ती म्हनलं होतं. तुमची इंदू राह्यली का?"

केसरबाईला कळ आली. ती ओसरल्यावर केसरबाई धापा टाकत म्हणाली, "इंदू गेली, बाई. ते मले मालूम आहे. पन मी तवा तिच्यापाशी नव्हती. मले पाहवलं नाही. मी भाईर पयाली. दाराच्या आडून पाहत होती. तुमी तिचा हात धरून बसल्या होत्या. तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हनत होत्या. म्हनतच होत्या. ती तुमच्याकडं पाहत पाहत गेली. रडली नाही." तिनं ओठ पुसले. "मी माय असून पयाली. तुमी बसल्या. मी हे रोज मनात आनते, अन् मंग मले झोप लागते. तेच म्हना."

अर्पिताला त्यातलं काही आठवत नव्हतं. आपण कानाशी काय म्हणत होतो? देवाकडे मागत होतो, की त्या पोरीला भिऊ नको म्हणत होतो? तिला एवढंच आठवत होतं की आपण हरलो. आणि ही बाई सांगत होती की त्याच दुपारवर आपण वर्षभर तग धरून आहोत.

तिनं केसरबाईच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणायला लागली. सुरुवातीला नेहमीसारखंच, कोरडं. बाईला बळ दे. बाळाला सुखरूप आण. माझ्या हातांना घाई होऊ देऊ नको. मग मध्येच तिचा आवाज फाटला आणि पुढचं तिला म्हणता येईना. केसरबाईनंच तिचा हात दाबला. "म्हना बाई, म्हना. आली, पुन्हा आली कळ."

दुपार व्हायच्या आत मुलगा झाला. दणकट, काळासावळा, गळा काढून रडणारा. सोजराबाई कापडं घेऊन आत आली तर तिला आई आणि नर्स दोघीही रडताना दिसल्या. "पोरगं रडते ते रडते, तुमी दोघी काऊन रडून राह्यल्या?" ती म्हणाली आणि स्वतःच डोळ्यांना पदर लावला.

पुढं काळ बदलला. दवाखान्याला डॉक्टर मिळेनात, माणसं मोठ्या शहरातल्या दवाखान्यांत जाऊ लागली, आणि एक दिवस मिशनच्या दवाखान्याचं दार बंद झालं. अर्पिता दुसरीकडे लागली. तिथं मोठ्यानं प्रार्थना करायची रीत नव्हती आणि तिनं कधी हट्टही धरला नाही. ती हात धुताना मनातल्या मनात म्हणायची. नळाचं पाणी बोटांवरून वाहत असे तेवढा वेळ तिचा. बरोबरच्या पोरींना वाटायचं, ही बाई हात फार वेळ धुते.

पण मोकळ्या वॉर्डात, उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात उभं राहून, बेसूर का होईना, सगळ्यांनी मिळून म्हटलेलं ते गीत पुन्हा कुठं मिळालं नाही. कधी कधी भाजी चिरताना तिला त्याची एखादी ओळ सुचते आणि तिचा हात थांबतो.

"पाठ झाली का?" सिस्टरबाईंच्या आवाजानं ती भानावर आली.

"झाली. आता बोटं."

तिनं एकेक बोट वेगळं करून पुसलं. मग तेल लावता लावता जे इतकी वर्षं विचारायचं राहून गेलं होतं ते विचारलं. "सिस्टरबाई, इंदू गेली तवा तुम्ही मले विहिरीवरून उठवून आनलं. वॉर्डासाठी म्हन म्हनल्या. ते तुम्हाले कसं सुचलं? तुम्हाले मालूम होतं का, की मले मंग पुन्हा जमंल?"

सिस्टरबाईंनी दुसरा हात तेलासाठी पुढं केला.

"मले काय मालूम?" त्या म्हणाल्या. "साथ चालू होती. वॉर्ड भरलेला, नर्सेस कमी. तू घरी गेली असती तर मले मानूस कुठून भेटलं असतं?"

अर्पिता हसली. सिस्टरबाईही हसल्या, दात नसलेलं, गालात खड्डा पडणारं हसू. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अन् मी बी त्या सकाळी कोरडीच होती, पोरी. त्या सालात किती लेकरं गेली. मले वाटलं, आपन दोघी कोरड्या असलो तरी आलटून-पालटून म्हनत राहू. एखादीचं तरी लागंल."

अर्पिताच्या हातातली तेलाची बाटली तशीच राहिली. ती दगडाची वाटलेली बाई तेव्हा तिच्याइतकीच रिकामी होती, आणि तरी टोपी घालून वॉर्डात उभी होती. अर्पितानं त्यांची पावलं मांडीवर घेतली आणि टाचा चोळू लागली. सिस्टरबाईंचे डोळे मिटले.

सारिका चहा घेऊन आली. मागोमाग वरच्या मजल्यावरचे रंगराव दारात येऊन उभे राहिले. भाजीपाला पिकवणारा माणूस, लेकीच्या शिक्षणासाठी शहरात खोली करून राहिलेला. ते जरा संकोचूनच बोलले.

"सिस्टर, सारिका मॅडमनं सांगितलं का तुमी आज येता. आमची माय खाटेवर पडून आहे. पाठीले जखमा झाल्या. तिले आम्ही हात लावला का ती वरडते. तुमी एक डाव पाहता का?"

"किती दिवसांच्या जखमा हायेत?"

"मालूम नाही. तिनं आम्हाले दाखवल्याच नाही. लाजते."

अर्पितानं चहा एका घोटात संपवला. "गरम पानी ठेवा," ती म्हणाली. "मीठ टाकून उकळा, अन् थंड होऊ द्या. स्वच्छ धुतलेलं सुती धोतर असलं तर काढून ठेवा. आलीच मी."

रंगराव जिन्यानं वर गेले. अर्पिता नळापाशी जाऊन हात धुऊ लागली. खाटेवरून सिस्टरबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "लाजनारी आहे म्हनते ना तो. तर आधी तिचं तोंड भिताडाकडं करून दे, मंग पाठ उघड."

"हाव, सिस्टरबाई," अर्पिता म्हणाली, आणि टॉवेल खांद्यावर टाकून जिना चढू लागली.